आधी पंप, मग मशीन, मग 'हा', शेवटी खोकला : छातीतला कफ घरी काढण्याचा क्रम

सांगली-मिरजेत छातीच्या फिजिओथेरपीचं काम करताना एक तक्रार मी आठवड्यातून चारदा तरी ऐकते: "रोज मशीन लावतोय, गोळ्या चालू हायत, तरी छाती भरल्यालीच." मग मी विचारते, सकाळी उठल्यावर पहिल्यांदा काय करता? उत्तर ठरलेलं असतं. उठल्या उठल्या अर्धा तास खोकायचं, घामाघूम व्हायचं, मग चहा, मग आठवलाच तर पंप, म्हणजे इन्हेलर. मशीन, म्हणजे औषधाचा बारीक फवारा करणारा नेब्युलायझर, रात्री जेवणानंतर, आणि ते झालं की लगेच अंथरुणावर पाठ टेकायची.

औषधं बरोबर असतात, क्रम उलटा असतो. औषध कफ सैल करतं, तो बाहेर आपल्यालाच काढावा लागतो. सैल केला आणि तसाच आत ठेवला, तर मशीनची दहा मिनिटं फुकट गेली.

हा लेख सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार), जुना ब्राँकायटिस, ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनळ्या कायमच्या रुंद होण्याचा आजार) किंवा टीबी बरा झाल्यावर फुप्फुसात राहिलेले व्रण असलेल्यांसाठी आहे. म्हणजे ज्यांचं निदान झालंय आणि ज्यांचा बेडका जवळजवळ रोज पडतो, अशांसाठी. निदानच झालं नसेल आणि खोकल्याला दोन आठवडे उलटून गेले असतील, तर इथे थांबा. आधी बेडक्याची टीबी तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते.

क्रम का, ते दोन ओळींत. श्वासनळीच्या आतल्या बाजूला बारीक केसांसारखे तंतू असतात आणि ते कफ वर घशाकडे ढकलत राहतात. विडी, चुलीचा धूर किंवा जुन्या संसर्गाने हे तंतू मोडतात, कफ करणाऱ्या ग्रंथी मात्र वाढतात. ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये तर नळ्याच सैल पडून रुंद होतात आणि उसाच्या सरीत पाणी तुंबावं तसा कफ तिथे तुंबतो. अशा कमजोर नळ्यांवर जोराने खोकलात, की त्या मधेच दबून बंद होतात. कफ पलीकडे राहतो आणि माणूस अलीकडे दमतो.

## १. तयारी

वेळ आधी ठरवा. पोट रिकामं हवं, किंवा जेवणाला दोन तास झालेले हवेत. सकाळी घोटभर चहा चालेल, नाश्ता नंतर. दिवसातून दोनदा करणार असाल तर दुसरी वेळ रात्रीच्या जेवणाआधीची ठेवा. भरल्या पोटी कूस बदलून खोकलं की उलटी होते, आणि उलटीचा अंश श्वासात गेला तर नवंच दुखणं मागे लागतं.

जागा धुराची नको. हे सांगावं लागतं, कारण आपल्याकडे सकाळी सहाला बंब पेटलेला असतो आणि आजोबांची खाट नेमकी न्हाणीच्या दाराशी असते. बंब विझल्यावर बसा, नाहीतर माडीवर बसा.

जवळ एवढं ठेवा: पंप आणि स्पेसर (पंपाला जोडायची प्लास्टिकची पोकळ नळी), मशीन, पाण्याचा तांब्या, टॉवेल, दोन उशा, झाकणाची पांढरी प्लास्टिकची डबी. असेल तर रक्तातला ऑक्सिजन दाखवणारा, बोटाला लावायचा ऑक्सिमीटर. डबी पांढरीच हवी, कारण पुढे रंग बघायचा आहे.

आणि आधी खळखळून चूळ भरा. मिश्री लावणाऱ्या, पान-तंबाखू खाणाऱ्या माणसाचा पहिला बेडका काळपट किंवा तांबडा दिसतो. मग घरात एकतर उगाच घबराट होते, नाहीतर खरं रक्तसुद्धा "पानाचंच असेल" म्हणून सोडून दिलं जातं.

तपासा: सुरुवातीलाच ऑक्सिमीटरचा आकडा कागदावर लिहा. तुमचा नेहमीचा आकडा किती, हे माहीत नसेल तर कमी झाला की नाही हे कळायचं कसं?

## २. पंप: नळ्या उघडा

पहिलं औषध नळ्या रुंद करणारं, बहुतेकांना ते साल्ब्युटामॉल किंवा लेव्होसाल्ब्युटामॉल दिलेलं असतं. डॉक्टरांनी लिहिले असतील तेवढेच पफ.

पंप हलवा. श्वास सावकाश सोडून द्या. स्पेसरचं तोंड ओठांत घट्ट धरा, एकदाच दाबा आणि तीन ते पाच सेकंद लावून हळू ओढा. मनात दहा मोजेपर्यंत श्वास रोखा. दुसरा पफ अर्ध्या-एक मिनिटाने, पंप पुन्हा हलवून. एका दमात दोनदा दाबणारे निम्मं औषध स्पेसरलाच पाजतात.

रोटाकॅप (यंत्रात घालून ओढायची पुडीची कॅप्सूल) असेल तर पद्धत उलटी: तिथे जोरात आणि खोल ओढायचं. यंत्रात श्वास सोडायचा नाही, आतली पूड ओलसर होते. आणि ती कॅप्सूल गिळायची नसते. हसू नका, महिनाभर रोज पाण्याबरोबर गिळणारे तात्या मी पाहिलेत. घरात सगळ्यांना वाटत होतं, औषध लागू पडत नाही.

आता पंधरा मिनिटं थांबा. ही पंधरा मिनिटं बहुतेक लोक गाळतात. तेवढ्यात दाढी करा, दूध तापवा, पेपर वाचा.

सावधान: ज्या पंपात नळ्या उघडणारं औषध आणि स्टेरॉइड दोन्ही एकत्र आहे, तो कफ काढण्याआधी घ्यायचा की नंतर, हे तुमच्या डॉक्टरांना एकदा विचारून डब्यावरच लिहून ठेवा. स्टेरॉइड वेगळं असेल तर ते शेवटी.

## ३. मशीन: कफ ओला करा

आपल्याकडे नेब्युलायझरलाही वाफ म्हणतात आणि पातेल्यातल्या उकळत्या पाण्यालाही. दोन्ही एक नव्हेत. पातेल्याच्या वाफेने नाक मोकळं वाटतं, पण खालच्या नळ्यांतला चिकट कफ हलेल याचा फारसा पुरावा नाही. डोक्यावर टॉवेल घेऊन बसलेल्या, हात थरथरणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या मांडीवर ते पातेलं उलटण्याची शक्यता मात्र पुरेपूर.

मशीनमध्ये काय घालायचं ते चिठ्ठीवर असतं. साधं सलाइन ०.९ टक्क्याचं. काहींना ३ किंवा ७ टक्क्याचं खारं सलाइन दिलं जातं. ते नळीच्या आत पाणी ओढून घेतं आणि कफ सैल करतं. पण त्यानेच छाती आवळूही शकते. म्हणून त्याचा पहिला डोस दवाखान्यात, कुणाच्या तरी देखरेखीखाली घ्यायचा आणि दर वेळी आधी पंप घ्यायचाच.

ताठ बसा. मास्कपेक्षा तोंडात धरायची नळी बरी, औषध नाकातच अडकत नाही. नेहमीसारखा श्वास घ्या, अधूनमधून एखादा खोल. साधारण दहा मिनिटांत फुरफुर आवाज येऊ लागला की झालं.

सावधान: मशीनमध्ये नळाचं पाणी, घरी केलेलं मीठ-पाणी, निलगिरीचं तेल, कापूर, बाम, ओव्याचा अर्क यातलं काहीही घालायचं नाही. फुप्फुसात गेलेलं तेल बाहेर पडत नाही, तिथेच न्यूमोनियासारखी सूज धरतं. छाती भरलेली असताना नाकात तेल-तुपाचे थेंब सोडणंही त्याच कारणाने नको.

## ४. श्वासाचा फेरा आणि 'हा'

सगळी मेहनत इथे करायची आहे आणि सगळ्यात घाईही इथेच होते.

पहिला भाग, शांत श्वास. पाठ टेकून बसा, खांदे सैल सोडा, एक हात पोटावर. नाकाने घ्या, तोंडाने सोडा. पोट हलू द्या, खांदे नकोत. अर्धा मिनिट.

दुसरा भाग, खोल श्वास. तीन किंवा चारच. फासळ्या बाजूला फुलतील असा घ्या, तीन सेकंद रोखा, मग जोर न लावता सोडा. रोखल्यामुळे हवा बाजूच्या बारीक वाटांनी कफाच्या मागे शिरते आणि मागून रेटा मिळतो. दहा-बारा खोल श्वास घेतले तर फायदा वाढत नाही, चक्कर तेवढी येते.

पुन्हा शांत श्वास.

तिसरा भाग, 'हा'. आम्ही याला हफ म्हणतो. चष्म्याची काच पुसण्याआधी तिच्यावर तोंडाची वाफ सोडतो ना, तोच 'हा', फक्त जरा पोटातून. तोंड गोल उघडं, घसा मोकळा.

आधी मध्यम श्वास घेऊन लांब 'हाऽऽऽ'. हा खालच्या नळ्यांतला कफ वर आणतो. कफ वर आल्याची घरघर जाणवली की मोठा श्वास घेऊन छोटा, जोरकस 'हा'. हा वरच्या मोठ्या नळीतला कफ घशापर्यंत आणतो. आणि आता एकदाच खोका. बेडका डबीत.

असा एक फेरा दोन-तीन मिनिटांचा. 'हा' दोनदा कोरडा, घरघरीशिवाय येईपर्यंत फेरे करा. पंधरा ते वीस मिनिटं बहुतेकांना पुरतात, तिसाव्या मिनिटाला काहीही झालं तरी थांबा.

तपासा: तळहात तोंडापुढे धरा. हाताला ऊब लागली तर 'हा' बरोबर आहे. गार लागली तर ती फुंकर, म्हणजे ओठ आवळलेत. घशात खरखर झाली तर घसा मिटलाय, ते खाकरणं झालं. आणि 'हा'नंतर शिट्टी वाजू लागली तर जोर फार होतोय. शांत श्वासावर परत या.

मावश्यांना 'हा' करायला सुरुवातीला संकोच वाटतो, विशेषतः सुनेसमोर. त्यांना मी दार लावून आरशावर वाफ धरायला सांगते. आरसा धुरकटला की पद्धत आली.

या भागातली मोठी गफलत म्हणजे तीन चेंडूंचं ते यंत्र. कोविडनंतर ते घरोघरी आलं. श्वास आत ओढून चेंडू वर उचलायचे, हा फुप्फुस फुलवण्याचा व्यायाम. कफ काढण्याचं साधन ते नव्हे. कफासाठी असतं ते उपकरण श्वास बाहेर सोडताना छातीत थरथर उठवतं. ते वेगळं मिळतं आणि फिजिओथेरपिस्टने दाखवल्यावरच घ्यावं.

## ५. कूस बदलणं आणि थाप

सगळ्यांना याची गरज नसते. बेडका कमी असेल तर बसून केलेले फेरे पुरतात. कफ एका विशिष्ट भागात साचत असेल, आणि ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये बहुधा तसंच असतं, तर सीटी स्कॅनच्या अहवालात तो भाग लिहिलेला असतो. अहवाल कपाटात ठेवू नका, घेऊन या.

नियम एकच: ज्या बाजूचा कफ काढायचा, ती बाजू वर. उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात साचत असेल तर डाव्या कुशीवर झोपा, सपाट, डोक्याखाली पातळ उशी. फुप्फुसाच्या शेंड्याला साचत असेल तर बसूनच. कुशीवर असताना चौथ्या पायरीतले फेरे तसेच करायचे, दहा मिनिटं. नुसतं पडून राहिलं तर डोळा लागतो, कफ नाही निघत.

पलंगाचा पायथा विटांवर चढवून डोकं खाली करण्याची जुनी पद्धत घरी करू नका. रक्तदाब, हृदयविकार, आम्लपित्त, जास्त धाप यांपैकी काही असेल तर ती त्रासच देते, आणि म्हाताऱ्या माणसाला यातलं एक तरी असतंच.

थाप द्यायची असेल तर हाताचा खोलगट द्रोण करा, मधे टॉवेल ठेवा. आवाज पोकळ, 'ठप्प' असा यायला हवा. चापट मारल्यासारखा 'चट' आवाज आला तर नुसतं दुखतंय. पाठीचा मणका, छातीचं मधलं हाड आणि फासळ्यांच्या खाली थाप नाही.

सावधान: बेडक्यात रक्त आलेलं असेल, हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा फासळी मोडलेली असेल, तर थाप पूर्ण बंद. मुलाच्या हातात जोर असतो आणि मायाही असते, दोन्ही आवरा.

थांबा: चक्कर, छातीत आवळणं, ऑक्सिमीटर ८८ च्या खाली (किंवा तुमच्या डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या आकड्याखाली) यातलं काहीही झालं तर उठून बसा. पुढे वाकून कोपर मांडीवर टेका आणि ओठ शिट्टीसारखे करून हळू सोडा. पाच-दहा मिनिटांत सावरलं नाही तर दवाखाना.

## ६. डबीत बघा, मगच फेका

बेडका गिळला तर विष होत नाही, पण माहिती जाते. डबी उजेडात धरा. तीन गोष्टी बघायच्या: किती, कसा, कोणता रंग. माप चहाच्या चमच्याने, साधारण ५ मिली. भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकोनात लिहा: "३ च. पांढरा". एवढं पुरे.

पांढरा किंवा राखाडी हा तुमचा रोजचा असेल तर ठीक. ब्रॉन्किएक्टेसिसवाल्यांचा रोजचाच पिवळसर असू शकतो, म्हणून दुसऱ्याच्या रंगाशी तुलना नको, स्वतःच्या कालच्याशी करा. बेडका वाढला, घट्ट झाला, पिवळ्याचा हिरवा झाला आणि धापही वाढली, हे दोन दिवस टिकलं, की डॉक्टरांना दाखवा. शक्य असेल तर अँटिबायोटिक सुरू करण्याआधी बेडका तपासणीला द्या. तो सकाळचा, चूळ भरून, खोलवरून काढलेला हवा. नुसती थुंकी दिली तर अहवालात थुंकीच दिसते.

मागच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या काढून खाणं हा आपला राष्ट्रीय छंद. ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये अँटिबायोटिकचा कोर्स बहुधा १४ दिवसांचा असतो. तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून मनानेच थांबू नका. काहींना अ‍ॅझिथ्रोमायसिन आठवड्यातून तीनदा, महिनोन्‌महिने दिलेलं असतं. ते इसीजी आणि बेडका तपासून ठरवलेलं असतं. शेजाऱ्याला चाललं म्हणून आपण सुरू करायचं औषध ते नव्हे.

बेडका संडासात टाका, पाणी ओता, डबी साबणाने धुवा, हात धुवा. परसात, गोठ्यामागे नको.

## ७. शेवटची औषधं आणि धुणं

आता वाट मोकळी झाली. स्टेरॉइडचा पंप किंवा मशीनमधून घ्यायचं अँटिबायोटिक असेल तर ते आत्ता. कफाच्या थरावर फवारलेलं औषध बेडक्याबरोबरच बाहेर पडतं. द्राक्षवाल्यांना हे लगेच पटतं, पानावर धूळ असताना फवारणी कोण करतं? स्टेरॉइडनंतर चूळ भरून थुंका, मास्क वापरला असेल तर तोंडही धुवा. नाहीतर जिभेवर पांढरी बुरशी धरते.

मशीनची वाटी दर वेळी सुटी करून साबणाच्या कोमट पाण्याने धुवा, उकळून गार केलेल्या पाण्यातून काढा, झटका आणि स्वच्छ कापडावर वाळू द्या. दिवसातून एकदा पाच मिनिटं उकळा, पण वाटीच्या माहितीपत्रकात तशी परवानगी असेल तरच. रबरी नळी धुवायची नाही, आत ओल दिसली तर मशीन नुसतंच दोन मिनिटं चालू ठेवा. स्पेसर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यात बुडवून काढा आणि न पुसता वाळवा. फडक्याने घासला की प्लास्टिकवर वीज साठते आणि औषध भिंतींनाच चिकटतं.

## खोकल्याच्या बाटलीबद्दल

मेडिकलमध्ये "खोकल्याचं पातळ औषध द्या" एवढंच म्हणू नका. बाटल्या तीन जातींच्या. एक खोकला दाबणारी: कोडीन, डेक्स्ट्रोमिथॉर्फन. रोज बेडका पडणाऱ्यांना ती घातकच, कारण कफ आतच कोंडतो. दुसरी सुकवणारी: क्लोरफेनिरामिन, डायफेनहायड्रामिन. सर्दी थांबते, पण कफ गोंदासारखा होतो, वर झोप येते ती वेगळीच. तिसरी पातळ करणारी: अ‍ॅम्ब्रोक्सॉल, ब्रोमहेक्सिन, ग्वायफेनेसिन. तिच्यात पुष्कळदा टर्ब्युटालिन किंवा साल्ब्युटामॉलही मिसळलेलं असतं. पंप चालूच आहे, वर ही बाटली, आणि मग हात कापतात, छाती धडधडते. मागचं लेबल वाचायला नातवाला सांगा.

अ‍ॅसिटिलसिस्टीनची फसफसणारी गोळी अर्धा पेला पाण्यात पूर्ण विरघळल्यावर प्यायची. सडक्या अंड्यासारखा वास येतो, तो तिचा नेहमीचा, गोळी खराब झालेली नसते. तिच्यात सोडियम असतं, रक्तदाबवाल्यांनी डॉक्टरांच्या कानावर घालावं. आणि कुणी मोबाइलवर वाचून 'कफ विरघळवणाऱ्या महागड्या' डॉर्नेज अल्फाबद्दल विचारलं तर, ते सिस्टिक फायब्रोसिस या जन्मजात आजाराचं औषध आहे. इतर कारणांनी झालेल्या ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये त्याने अपायच दिसला.

दूध-केळी बंद करून काहीही साधत नाही. दुधाने तोंडात चिकटपणा वाटतो, छातीतला कफ वाढत नाही. आधीच हडकलेल्या माणसाचं दूध तोडणं मला तरी पटत नाही. पाणी तहान भागेल इतकं प्या. पायांवर सूज असेल, हृदयाचं दुखणं असेल तर दिवसाचं माप डॉक्टरांकडून घ्या.

## लगेच दवाखाना कधी

रक्ताची रेघ दिसली तर थाप आणि खारं सलाइन थांबवा, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. चमचाभर किंवा जास्त ताजं रक्त पडलं तर १०८ ला फोन. कोणत्या बाजूचं फुप्फुस खराब आहे हे माहीत असेल तर तीच बाजू खाली करून निजवा. इथे पाचव्या पायरीचा नियम उलटा होतो, कारण आता चांगली बाजू वाचवायची असते.

ओठ निळे, एक वाक्य बोलताना दोनदा श्वास, तापात बरळणं, किंवा न उठणारी गुंगी, हेही तसंच. घरी ऑक्सिजनचं मशीन असेल आणि माणूस गुंगत असेल, तर घाबरून फ्लो वाढवू नका. सीओपीडीत बहुधा ८८ ते ९२ एवढाच आकडा हवा असतो. जास्त ऑक्सिजनने रक्तात कार्बन डायऑक्साइड साठून गुंगी आणखी वाढते.

## हंगाम बघून

क्रम तोच, फेरे बदलतात. कराड-पाटणकडे गुऱ्हाळं पेटली, फडात पाचट जाळलं, की दोनाचे तीन वेळा करावे लागतात. तासगाव-कवठेमहांकाळला बेदाण्याच्या शेडवर गंधकाची धुरी दिली जाते, तो वायू श्वासनळी लगेच आवळतो. छातीच्या माणसाने तिथे उभंच राहू नये, पोराने कितीही "तेवढं बघून या आबा" म्हटलं तरी. सांगलीत हळदीच्या पॉलिशची धूळ, सोयाबीन मळणीचा भुसा यांनाही हेच लागू. फ्लूची लस दर वर्षी, आणि न्यूमोकोकलची (न्यूमोनियाविरुद्धची) कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा.

पुढच्या वेळी तपासणीला याल तेव्हा फाइलबरोबर पंप, स्पेसर, मशीनची वाटी आणि ती कॅलेंडरची पानंही पिशवीत घाला. "सगळं बरोबर करतोय" म्हणणाऱ्यांनासुद्धा मी समोर एक पफ घ्यायला आणि एकदा 'हा' करायला लावते. दोन मिनिटं लागतात.